धरणारी तार आणि बोलणारी तार

मराठवाड्यातील आमच्या शहराच्या औरंगपुऱ्यात, जेथे एकीकडे सरस्वती भुवनच्या विद्यार्थ्यांची वर्दळ आणि दुसरीकडे गुलमंडीकडे निघालेल्यांची रीघ चालू असते, तेथे संध्याकाळी पायी हिंडणाऱ्या मनुष्यास कोणी ना कोणी अडवतोच. आणि मी घराच्या गॅलरीत रिकामे डबे, बांबू व तारा घेऊन बसतो ही वार्ता एकदा सर्वतोमुखी झाल्यापासून मला जे प्रश्न विचारले जातात ते बहुतेक एकाच जातीचे असतात. कोणी म्हणतो, एकतारी हौसेने आणली पण तिच्यावर चाल वाजत नाही. कोणाचे तुणतुणे गाण्याशी जुळत नाही. एखादा तरुण अमेरिकेतील ‘ब्लूज’ नावाची जुनी गाणी ऐकून भारावलेला असतो, तेथील गरीब माणसे ती गाणी डबा व तार यांवर वाजवीत असे त्याने वाचलेले असते, आणि आपल्या डब्यावर मात्र नुसता ‘टुंग’ एवढाच नाद का निघतो हे त्याला उमगत नाही.

या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. आपण वाद्य आधी करतो आणि तारेकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे याचा विचार मागाहून करतो. तो क्रम उलटा करावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. बाकीचा मजकूर त्या एका गोष्टीचा तपशील आहे.

प्रथम निर्णय: तार धरणार की बोलणार?

एका तारेची वाद्ये दोन प्रकारची कामे करतात. पहिल्या प्रकारात तार गायकाचा षड्ज धरून ठेवते. चाल गळा गातो आणि तार त्याच्या पायाखालची जमीन होते. एकतारी व तुणतुणे ही या जातीची वाद्ये होत. ‘तेच तेच तुणतुणे वाजवतो’ असे आपण कंटाळवाण्या माणसाविषयी म्हणतो खरे, परंतु शाहिराला वरच्या सुरात मनसोक्त धावण्याची मुभा मिळते ती मागे कोणीतरी तेच तेच तुणतुणे इमानाने वाजवीत असतो म्हणूनच.

दुसऱ्या प्रकारात तार स्वतः बोलते. अशा तारेवर काच किंवा लोखंड टेकवून तिची लांबी कमी-अधिक करावयाची असते. मिसिसिपी राज्यातील कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांतील मुले केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून ती भिंतीवर किंवा फळीवर दोन खिळ्यांमध्ये ताणीत आणि बाटली फिरवून तिच्यातून गाण्याची चाल काढीत. त्या वाद्यास ‘डिडली बो’ म्हणतात, आणि ब्लूजच्या कित्येक वादकांचा श्रीगणेशा त्यावरच झाला. आपल्याकडील विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरतो तो याच तत्त्वावर.

म्हणून स्वतःला पुढील प्रश्न विचारा:

- आपण स्वतः गाणार असाल आणि अभंग, गौळण, भारूड हे आपले क्षेत्र असेल, तर एकतारी करा.
- आपल्या घरात वा गटात दुसरे कोणी गाणार असेल, गाणे पोवाडा किंवा गोंधळ या जातीचे असेल आणि आपणास लयीची बाजू सांभाळावयाची असेल, तर तुणतुणे करा.
- गळा बेताचा असून चाल वाद्यावरच वाजावी अशी इच्छा असेल, अथवा ब्लूजचीच ओढ असेल, तर फळीची तार करा.

एकाच वाद्याकडून तिन्ही कामे करून घेण्याचा मोह टाळावा. एकतारीच्या गोल दांडीवर बाटली फिरवू पाहणाऱ्यास धड षड्जही मिळत नाही आणि धड चालही मिळत नाही.

सामग्री: काय घ्यावे, काय टाळावे

- तुंबा. परंपरेने एकतारीस वाळलेला कडू भोपळा लागतो. तो पूर्ण वाळावयास काही महिने जातात, आणि आत ओल राहिलेला भोपळा कापला तर तडकतो. माझे पहिले दोन भोपळे मी याच उतावीळपणात गमावले. मिरजेचे तंतुवाद्यकार पंढरपूर परिसरातील भोपळे वापरतात. नवशिक्याने मात्र तुपाचा किंवा बिस्किटांचा साधारण 1 किलोचा गोल पत्र्याचा डबा घ्यावा. तो फुकट मिळतो आणि बिघडला तर दुःख होत नाही. नारळाची करवंटी दिसावयास गोजिरी असली तरी तिचा नाद क्षीण असतो.
- दांडी. बुरुडाकडे भरीव बांबू मागावा. लाठ्यांसाठी वापरतात तो मानवेल उत्तम. लांबी 90 सेंटिमीटर, जाडी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पोकळ व पातळ बांबू तार ताणताच वाकतो आणि सूर उतरतो.
- तार. बांधकामाची मऊ तार उपयोगी नाही. ती ताणत जाते आणि सूर धरीत नाही. वाद्यांच्या दुकानात पोलादी तार मागावी. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी सुमारे 0.40 मिलिमीटर आणि स्त्रियांच्या वा शाहिरांच्या उंच पट्टीसाठी 0.30 मिलिमीटर जाडी योग्य ठरते. गिटारच्या तारांचा ‘लाइट’ संच मिळाला, तर त्यातील 0.012 इंचाची पहिली तार उंच पट्टीस आणि 0.016 इंचाची दुसरी तार खालच्या पट्टीस चालते.
- खुंटी. सागवानाची, टोकाकडे निमुळती होत गेलेली. घसरत असेल तर तिला खडू चोळावा. अडकत असेल तर किंचित कोरडा साबण.
- कातडे. हवेच असेल तर वाद्ये मढविणाऱ्या कारागिराकडून बकऱ्याचे घ्यावे. जुन्या माणसांच्या सांगण्यावरून घोरपडीचे कातडे शोधीत हिंडू नये. घोरपडीस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण असून तिचे कातडे जवळ बाळगणे हाही अपराध आहे.

डब्याची एकतारी: कृती

1. डब्याचे झाकण काढून टाका. डब्याचे बूड हाच आपला नाद देणारा पडदा आहे, तेव्हा त्यास पोचा पडू देऊ नका.
2. डबा उपडा धरून, बुडापासून दोन बोटे अंतरावर, समोरासमोर दोन भोके पाडा. दांडी त्यांतून घट्ट जावी. कापलेल्या पत्र्याच्या कडा कानसीने घासून गुळगुळीत केल्याखेरीज पुढे जाऊ नका.
3. दांडी आरपार घालून खाली 5 सेंटिमीटर बाहेर काढा आणि त्या टोकास तार अडकविण्यासाठी एक स्क्रू बसवा.
4. वरच्या टोकापासून चार बोटे खाली खुंटीसाठी भोक पाडा. भोक पाडण्यापूर्वी त्या जागी सुतळी घट्ट गुंडाळल्यास बांबू चिरत नाही.
5. खुंटीच्या थोडे खाली लाकडाची छोटी पट्टी चिकटवा. तंबोऱ्यावर ज्यास अटी म्हणतात तीच ही. तार दांडीपासून मोकळी राहावी, एवढेच तिचे काम.
6. डब्याच्या बुडावर, मध्यापासून जरा खालच्या अंगास, लाकडाची किंवा करवंटीची घोडी उभी करा. ती चिकटवू नका. तारेचा दाबच तिला धरून ठेवतो. तार तीवरून मोकळी जाऊन मधे कोठे डब्याच्या कडेला टेकणार नाही इतकी ती उंच हवी.
7. घोडी व अटी यांमधील अंतर 60 सेंटिमीटर करा. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.
8. तार चढवा. खुंटीवर तीन-चार वेढे नीट एकाखाली एक यावेत. टोक कापून आत दुमडा.
9. नाद कोरडा वाटला, तर घोडी व तार यांमध्ये सुती दोऱ्याचा तुकडा सरकवून पाहा. एका विशिष्ट जागी दोरा येताच नाद एकदम गुंजू लागतो. तंबोऱ्याची जवारी काढतात ती याच रीतीने.

तार ताणताना चेहरा तिच्या रेषेत धरू नये आणि चष्मा असेल तर तो लावावा. तुटलेली पोलादी तार चाबकासारखी परतते.

तुणतुणे करावयाचे झाल्यास

येथे रचना निराळी आहे. वीतभर उंचीचे नळकांडे, वरून उघडे आणि खालून मढविलेले. त्याच्या अंगास बाहेरून उभी ठोकलेली दांडी. आणि खालच्या पडद्याच्या मध्यातून निघून, नळकांड्याच्या पोटातून वर येऊन, दांडीवरील खुंटीस गुंडाळलेली तार. पडद्याखाली तारेस गाठ मारून तिच्यामागे लहानशी चकती अडकवावी, म्हणजे गाठ पडदा फाडून वर येत नाही. पत्र्याचा डबा वापरल्यास त्याचे बूड पडद्याचे काम करते; मात्र दांडी बसविताना डब्याच्या आतून लाकडाचा ठोकळा देऊन स्क्रू घट्ट करावेत, नाहीतर तारेच्या ओढीने दांडी आत झुकते आणि प्रत्येक आघातागणिक सूर डुगडुगतो. वाजविण्यास बोट चालते, परंतु उघड्या मैदानात लाकडाची बारीक काडी अधिक ठसठशीत नाद देते.

फळीची तार करावयाची झाल्यास

90 सेंटिमीटर लांब व अडीच सेंटिमीटर जाड फळी घ्या. दोन्ही टोकांस एकेक भक्कम स्क्रू बसवून त्यांमध्ये तार घट्ट बांधा. एका बाजूस तारेखाली जाड खिळा आडवा ठेवा आणि दुसऱ्या बाजूस काचेची छोटी बाटली आडवी सरकवा; बाटली टोकाकडे ढकलताच तार ताणली जाते. फळी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर टेकवून वाजविल्यास नाद खोलीभर जातो. उजव्या हाताने छेडावे, डाव्या हातात औषधाची गुळगुळीत रिकामी बाटली धरून ती तारेवर नुसती टेकवावी. दाबल्यास सूर चढतो आणि बाटली फळीवर आपटते.

चाल काढताना स्वरांची स्थाने अंदाजाने शोधीत बसण्याचे कारण नाही. तारेची मोकळी लांबी 60 सेंटिमीटर ठेवा आणि खिळ्याच्या बाजूने मोजून फळीवर पेन्सिलीने पुढील खुणा करा:

- शुद्ध ऋषभ: सुमारे 6.7 सेंटिमीटर
- कोमल गंधार: 10
- शुद्ध गंधार: 12
- मध्यम: 15
- पंचम: 20
- शुद्ध धैवत: 24
- कोमल निषाद: सुमारे 26.7
- तार षड्ज: 30

लांबी निराळी असेल तर प्रमाण तेच राहते: मध्यम चौथ्या हिश्श्यावर, पंचम तिसऱ्यावर, तार षड्ज बरोबर निम्म्यावर. बाटलीचा जो भाग तारेस स्पर्श करतो तो खुणेच्या थेट वर यावा. बोट खुणेवर आणि बाटली पुढे, ही चूक सर्वांकडून होते.

सूर कोणत्या पट्टीत लावावा

हार्मोनियम असलेल्या घरात हा प्रश्न सोपा आहे. आपण जे गाणे सहज म्हणता त्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर म्हणून पाहा; दोन्ही टोके न ताणता येतील असा षड्ज निवडा. पुरुषांस बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास, स्त्रियांस काळी चार-पाचच्या आसपास तो सापडतो. शाहिरी थाटाचे गाणे याहून उंच लावतात, कारण पोवाडा हा मुळी उघड्यावर उभे राहून दूरच्या श्रोत्यास ऐकविण्याचा प्रकार आहे. घरातल्या सरावास ती उंची आवश्यक नाही. वाद्यासाठी गळा ताणू नये. गळ्यासाठी वाद्य फिरवावे. खुंटी त्याचसाठी असते.

गाणे कसे बसवावे

अभंग व गौळण. एकतारी उभी धरून तुंबा कमरेशी किंवा मांडीवर, दांडी खांद्याशी, आणि तर्जनीने छेड, अशी ठेवण असते. दुसऱ्या हातात चिपळ्या. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या मात्रेवर तार छेडावी. चिपळ्या आठवडाभर बाजूला ठेवा. दोन्ही हातांना निरनिराळी कामे एकाच दिवशी दिल्यास गळा गप्प बसतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

पोवाडा व गोंधळ. तुणतुणेवाल्याने शाहिराच्या तोंडाकडे पाहावे, स्वतःच्या बोटाकडे नव्हे. शाहीर कडव्यात वेग वाढवितो, मध्येच गद्यात शिरतो, पुन्हा उसळी घेतो. त्या सर्व काळात तार खंडित होता कामा नये. गद्याच्या वेळी आघात हलका करावा आणि झील, म्हणजे शाहिरामागून साथीदारांनी म्हणावयाची ओळ, उचलताना जोरकस. बहुधा तुणतुणेवालाच झीलकरीही असतो, तेव्हा वाजविता वाजविता मोठ्याने बोलण्याचा सराव घरी अवश्य करावा.

ब्लूज. येथे थोडे हिशेबाचे काम आहे, परंतु ते एका कागदावर मावते. बहुतांश ब्लूज गाण्यांचे एक आवर्तन 12 खंडांचे असते आणि प्रत्येक खंडात 4 मात्रा, म्हणजे एकूण 48 मात्रा. कडव्याची पहिली ओळ गातात, तीच पुन्हा गातात, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतात. प्रत्येक ओळीच्या वाट्यास चार खंड येतात. फळीवरील तार पुढीलप्रमाणे फिरवावी:

1. खंड 1 ते 4: मोकळी तार, म्हणजे षड्ज
2. खंड 5 व 6: मध्यम
3. खंड 7 व 8: पुन्हा षड्ज
4. खंड 9: पंचम
5. खंड 10: मध्यम
6. खंड 11 व 12: षड्ज

ओळ गाऊन झाल्यावर तिच्या वाट्याचा जो काळ उरतो त्यात गळा थांबतो आणि तार उत्तर देते. शाहीर आणि झीलकरी यांचे नाते ज्याने पाहिले आहे त्यास हे परके वाटू नये. उत्तरादाखल जे स्वर घ्यावयाचे तेही आपल्या ओळखीचेच आहेत: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम व कोमल निषाद, म्हणजे धानी रागाचे पाच स्वर. फरक एवढाच की ब्लूजचा गंधार एका जागी स्थिर बसत नाही. 10 आणि 12 सेंटिमीटरच्या खुणांच्या मध्ये तो घसरत असतो, आणि त्या दोन सेंटिमीटरांतच त्या गाण्याची सारी व्याकुळता साठलेली असते. फळीवर बाटली त्या पट्ट्यात सावकाश वर-खाली नेऊन पाहा. पडद्यांचे वाद्य जे देऊ शकत नाही ते ही आठाण्याची तार देते. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने 1903 साली मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर गिटारच्या तारांवर सुरी टेकवून वाजविणाऱ्या एका अनोळखी माणसाचे वादन ऐकले आणि तो नाद जन्मभर त्याच्या कानांतून गेला नाही, तो याच घसरणीमुळे.

हमखास होणाऱ्या चुका

- तार पुन्हा पुन्हा तुटणे. दोष बहुधा तारेत नसून तिच्या वाटेतील एखाद्या धारदार कडेत असतो. खुंटीचे भोक, अटीची खाच आणि घोडीचा माथा घासून गोल करा.
- पावसाळ्यात नाद बसणे. कातडे दमट हवेत सैल पडते. वाद्य कोरड्या उबदार जागी ठेवा. डफ शेकतात तसे एकतारीस विस्तवावर धरू नका, कारण तिचे सांधे सुटतात.
- उन्हाळ्यात कातडे फाटणे. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कातडे आवळते. रात्री तार एक वेढा सैल करून ठेवण्याची सवय लावून घ्या.
- तार गंजणे. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. गंजलेली तार सुरात लागत नाही आणि बोट कापते.
- वाद्याची सजावट आधी. रंग, गोंडे व घुंगरू यांचा मोह सूर स्थिरावल्यावर पुरवावा. डब्याच्या बुडावर दिलेला जाड रंग नाद मारतो.

आपले हक्क आणि इतरांचे हक्क

या बाबतीत भीती आणि बेफिकिरी दोन्ही अकारण आढळतात, म्हणून तपशील देतो.

जुनी गाणी कोणाची? स्वामित्वहक्क अधिनियम, 1957 प्रमाणे काव्य व संगीत यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. त्यावरून हिशेब असा:

- एकनाथ, तुकाराम, जनाबाई यांच्या रचना, तसेच अनंत फंदी व राम जोशी यांची कवने सर्वांस खुली आहेत.
- पठ्ठे बापूराव 1945 साली निवर्तले. त्यांच्या रचना 2005 अखेर खुल्या झाल्या.
- तुकडोजी महाराजांचे देहावसान 1968 सालचे. मुदत 2028 अखेरपर्यंत.
- अण्णा भाऊ साठे व अमर शेख हे दोघेही 1969 साली गेले. मुदत 2029 अखेरपर्यंत.
- वामनदादा कर्डक 2004 साली गेले. त्यांच्या गीतांवरील हक्क 2064 अखेरपर्यंत चालेल.
- वर उल्लेखिलेले हँडी 1958 साली वारले, तेव्हा भारतातील या गणिताने त्यांच्या स्वतःच्या रचना 2018 अखेर मुक्त झाल्या.

ध्वनिमुद्रण निराळे. अभंग खुला असला तरी एखाद्या गायकाने गायिलेली त्याची ध्वनिफीत खुली असतेच असे नाही. तिचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षे स्वतंत्रपणे चालतो, आणि आधुनिक संगीतकाराने दिलेली चालही त्याच्या मालकीची असते. स्वतः गाऊन स्वतःच मुद्रित करणे आणि दुसऱ्याची ध्वनिफीत उचलून खाली तुणतुणे जोडणे, यांत म्हणून फार अंतर आहे.

हक्क शिल्लक असलेले गाणे म्हणूच नये काय? तसे नाही. घरात सराव करावयास कोणाची परवानगी लागत नाही. कलम 52 मध्ये हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे केलेला प्रयोग, तसेच प्रामाणिक धार्मिक विधीप्रसंगीचे गायन यांस सूट दिलेली आहे. तिकीट लावताच अथवा मुद्रण करून विकताच प्रश्न बदलतो. तेव्हा हक्कदाराची लेखी संमती घ्यावी.

वृद्ध गायकाचे गाणे टिपून घेताना. आजी जात्यावरची ओवी म्हणते, शेजारचे काका गोंधळ म्हणतात, आणि आपण मोबाइल पुढे धरतो. सादरीकरण करणाऱ्यासही कायद्याने 50 वर्षांचा स्वतंत्र हक्क दिला आहे. टिपण्यापूर्वी विचारा, प्रसिद्ध करण्यापूर्वी पुन्हा विचारा, नाव द्यावे की नाही हे त्यांनाच ठरवू द्या, आणि मोबदला मिळाल्यास त्यातील वाटा त्यांच्या हाती ठेवा.

कलावंत मानधन. आपणास तुणतुणे शिकविणारे गृहस्थ 50 वर्षांवरील असून आयुष्यभर कलेवर जगलेले असतील, तर राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेची माहिती त्यांना द्या. 2024 पासून हे मानधन दरमहा 5000 रुपये करण्यात आले आहे. औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषदेच्या कचेरीत अर्जाच्या अटींची चौकशी करून, जुनी हस्तपत्रके, छायाचित्रे, प्रमाणपत्रे असे दस्तऐवज जुळविण्यास त्यांना हातभार लावणे, ही गुरुदक्षिणेची एक चांगली रीत आहे.

शेजारी. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा असून रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्र धरली जाते. ध्वनिक्षेपक लावावयाचा झाल्यास लेखी परवाना हवा. एकट्या एकतारीस ध्वनिक्षेपकाची गरज नसते; तरीही गच्चीवर दहानंतर पोवाडा आरंभू नये, मग तो कितीही स्फूर्तिदायक असो.

ऐकावे कोठे

औरंगपुऱ्यापासून सुमारे 50 किलोमीटरवर पैठण आहे. फाल्गुन वद्य षष्ठीस, म्हणजे नाथषष्ठीस, तेथे दिंड्या येतात. त्या दिवशी गर्दीत उभे राहून एकतारी व वीणा धरणाऱ्यांच्या हातांकडे लक्ष द्या. तार केव्हा छेडली जाते याहून ती केव्हा छेडली जात नाही हे अधिक पाहण्यासारखे आहे. घरबसल्या ऐकावयाचे असल्यास हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून जमलेला, एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे. त्या ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या साथीस जात्याची घरघर तेवढी होती. परंतु चाल आणि श्वास यांचा मेळ कसा घालावा हे त्यांच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी शिकवील.

पहिल्या पंधरवड्याचा क्रम

1. पहिले तीन दिवस फक्त षड्ज. तार छेडावी आणि ‘सा’ म्हणावा. गळा व तार यांच्यात खरखर ऐकू येईनाशी होईपर्यंत.
2. चौथा ते सातवा दिवस आठ मात्रा मोजीत छेड. गाणे अद्याप नाही.
3. दुसरा आठवडा लहानपणापासून पाठ असलेले एकच गाणे. नवे गाणे व नवे वाद्य एकाच वेळी हाती घेऊ नये.
4. पंधराव्या दिवशी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस समोर बसवून ते गाणे म्हणावे आणि मध्येच तार छेडणे थांबवून पाहावे. ऐकणाऱ्याने मान वर करून ‘काय झाले?’ असे विचारले, तर आपली तार आपले काम करू लागली असे खुशाल समजावे.